रिमूव्हलची नोटीस आली, पण बॅगा भरू नका

मागच्या हिवाळ्यात रात्री साडेदहाला एका मित्राच्या बायकोचा फोन आला. आवाज कापरा. "भावोजी, आम्हाला रिमूव्हलची नोटीस आलीय. फेडरल कोर्टाची. ह्यांचं एच-वन अजून दोन वर्षं चालू आहे, माझं एच-फोरसुद्धा आहे. मग असं कसं?" मागून मित्र ओरडत होता, "किती दिवसांत निघायचं ते विचार आधी!"

(एच-वन हा अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, एच-फोर त्या नोकरदाराच्या जोडीदाराचा.) मी म्हटलं, फोटो पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं पान आलं. केस नंबर बघितला, त्याच्या मधोमध दोन अक्षरं होती: सीव्ही. म्हणजे सिव्हिल, दिवाणी. फौजदारी असतं तर तिथे सीआर असतं. वादी म्हणून वहिनींचंच नाव. प्रतिवादी दोन: प्रेशर कुकर आयात करून विकणारी एक कंपनी आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरचं एक दुकान. आता उलगडा झाला. डाळ शिजत असताना कुकरचं झाकण उडालं, वहिनींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांनी वकील गाठून नुकसानभरपाईचा दावा लावला, एवढं मला माहीत होतं. रिमूव्हल झालं होतं ते त्या दाव्याचं. न्यू ब्रन्सविकच्या राज्य न्यायालयातून उचलून कंपनीने तो नेवार्कच्या फेडरल न्यायालयात नेला होता.

चूक वहिनींची नव्हती. इमिग्रेशनच्या कायद्यात रिमूव्हल म्हणजे हद्दपारी. दिवाणी कायद्यात तोच शब्द दावा एका कोर्टातून दुसऱ्यात हलवण्यासाठी वापरतात. व्हिसावर राहणाऱ्याने पाकीट फोडून 'नोटीस ऑफ रिमूव्हल' वाचलं तर त्याच्या पोटात गोळा येणारच. त्यात हलवलेला दावा परत राज्य न्यायालयात पाठवण्याला म्हणतात रिमांड! आपल्याकडे रिमांड म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस कोठडी येते. आणि फेडरल म्हटलं की एफबीआय. तीन शब्द, तिन्ही घाबरवणारे, आणि तिघांचाही इथे गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही.

मी वकील नाही. न्यू जर्सीत वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून कागद तयार करतो आणि मुदती सांभाळतो. वहिनींच्या प्रकरणातले तपशील ओळख पटू नये म्हणून थोडे बदलले आहेत. त्या रात्री फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे जरा सलग सांगतो.

भारतातून आलेल्या माणसाला मुळात दोन कोर्टांची भानगडच कळत नाही, कारण आपल्याकडे ती नाही. न वटलेल्या चेकचा खटला केंद्राच्या कायद्याखाली चालतो, घरमालक-भाडेकरूचा तंटा महाराष्ट्राच्या कायद्याखाली. पण साताऱ्याचा माणूस दोन्हींसाठी त्याच आवारात जातो, त्याच चहावाल्याकडे थांबतो. वर उच्च न्यायालय, त्याच्यावर सर्वोच्च. जिना एकच. अमेरिकेत जिने दोन. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं खालपासून वरपर्यंत, आणि त्यांच्या शेजारी केंद्राची म्हणजे फेडरल न्यायालयं, देशभरात ९४ जिल्ह्यांत वाटलेली. राज्याच्या न्यायालयांची नावं तर आणखी गोंधळ घालतात. न्यू यॉर्कमध्ये दावा जिथे पहिल्यांदा उभा राहतो त्या न्यायालयाचं नाव आहे सुप्रीम कोर्ट. तिथल्या नातेवाइकाने "माझी केस सुप्रीम कोर्टात आहे" असं सांगितलं तर लगेच हबकू नका.

राज्य न्यायालयात जवळजवळ कुठलाही दावा लावता येतो. फेडरल न्यायालयाला मात्र मोजकेच दावे ऐकायची परवानगी आहे. त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे. एक, वाद केंद्राच्या कायद्यातून उभा राहिलेला असेल तर. दोन, वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे (किंवा एक बाजू परदेशी) असतील आणि मागणी ७५,००० डॉलर्सच्या वर असेल तर. असा दावा वादीने राज्य न्यायालयात लावला असेल, तर प्रतिवादी तो फेडरल न्यायालयात ओढून नेऊ शकतो. रिमूव्हल म्हणजे एवढंच.

ही सोय आजची नाही. १७८९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने फेडरल न्यायालयं उभी करणारा पहिला कायदा केला, त्यातच ती होती, आणि तेव्हाची मर्यादा होती ५०० डॉलर्स. मागची भीती आपल्याला सहज कळेल अशी आहे: परगावच्या माणसाला गावच्या पंचांसमोर उभं केलं तर पंच गाववाल्याचंच ऐकणार. १८७५ मध्ये वादीलाही ही वाट खुली केली होती, १८८७ मध्ये ती परत बंद झाली. तेव्हापासून हे हत्यार फक्त प्रतिवादीच्या हातात आहे. वादीने एकदा राज्य न्यायालय निवडलं की त्याला मागाहून "चला, फेडरलला जाऊ" म्हणता येत नाही. प्रतिवादीने त्याच्यावर उलटा दावा ठोकला तरी नाही. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून टाकलं.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत विचित्र गोष्ट. आपल्याकडे दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. नवऱ्याने दूरच्या शहरात लावलेला घटस्फोटाचा दावा आपल्या माहेरच्या गावी आणण्यासाठी किती बायका हा अर्ज करतात, ते दिल्लीत जाऊन बघावं. समोरच्याला नोटीस जाते, दोघांचं ऐकलं जातं, मग न्यायाधीश ठरवतात. म्हणजे आधी परवानगी, मग हलवाहलव. अमेरिकेतलं रिमूव्हल बरोबर उलटं आहे. इथे कोणाची परवानगी लागत नाही. कंपनीचा वकील फेडरल न्यायालयात एक नोटीस दाखल करतो, ४०५ डॉलर्स भरतो, एक प्रत समोरच्या वकिलाला आणि एक राज्य न्यायालयाच्या कारकुनाला पाठवतो. ती प्रत तिथे पोचली की राज्य न्यायालयाचे हात बांधले. त्याने त्यानंतर काढलेला आदेश रद्दबातल ठरतो. पोर्तो रिकोच्या एका पेन्शनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. हलवणं बरोबर होतं की चूक, हा वाद मागाहून, आणि तोही फेडरल न्यायाधीशासमोर.

वहिनींना हेच पटेना. "आम्हाला विचारलंसुद्धा नाही?" नाही विचारत. पाकिटातला कागद म्हणजे झालेल्या गोष्टीची खबर असते. पानं जाड असतात, कारण मूळ वादपत्र, समन्स आणि राज्य न्यायालयात तोवर जे काही दाखल झालं त्या सगळ्याच्या प्रती मागे जोडाव्या लागतात. खरी नोटीस पाच-सात पानांची. त्यात कंपनीला सांगायचं असतं की फेडरल न्यायालयाला हा दावा ऐकायचा अधिकार का आहे. पुरावे जोडायची सक्ती नाही; पटण्यासारखं सांगितलं तरी पुरतं, असं २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं.

परवानगी लागत नाही म्हणून मुदत मात्र कडक आहे: ३० दिवस. कशापासून ३० दिवस, यावर एक मजेदार खटला झालाय. अलाबामात एका कंपनीवर २६ जानेवारी १९९६ रोजी दावा लागला. तीन दिवसांनी वादीने 'माहितीसाठी' म्हणून वादपत्राची प्रत फॅक्स केली. रीतसर समन्स बजावलं १२ फेब्रुवारीला. कंपनीने दावा फेडरल न्यायालयात हलवला १३ मार्चला. फॅक्सपासून मोजा, ४४ दिवस. समन्सपासून मोजा, बरोबर ३०. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. हे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला: घड्याळ सुरू होतं ते रीतसर बजावणीपासून. सौजन्य म्हणून धाडलेल्या फॅक्सने कोणी कोर्टात बांधला जात नाही.

न्यू जर्सीत यात एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पाय घातलाय. इथल्या राज्य न्यायालयात प्रतिवादीला उत्तर, म्हणजे आपल्याकडची कैफियत, द्यायला ३५ दिवस मिळतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी कॅलेंडरवर ३५ वा दिवस लाल शाईने लिहिला आणि निवांत झालो. २९ व्या दिवशी संध्याकाळी वकीलबाईंनी विचारलं, "रिमूव्हलचं काय?" त्या रात्री आम्ही पिझ्झा मागवून एकपर्यंत बसलो. दावा एकदा फेडरलला गेला की उत्तराची मुदतही बदलते: समन्स मिळाल्यापासून २१ दिवस किंवा नोटीस दाखल केल्यापासून ७ दिवस, यातलं जे नंतर येईल ते. ३५ दिवसांची सवय लागलेली माणसं तिथेही फसतात.

प्रतिवादी अनेक असतील तर ज्यांना समन्स बजावलंय त्या सगळ्यांची संमती लागते. एक जण जरी नको म्हणाला तरी बाकीच्यांना जाता येत नाही. हजारो ग्राहकांचे मोठे सामूहिक दावे याला अपवाद. त्यांच्यासाठी २००५ पासून वेगळा कायदा आहे, ५० लाख डॉलर्सच्या वरची मागणी आणि सैल अटी. तो इथे सोडून देतो.

आता अधिकाराचा प्रश्न. पहिला दरवाजा केंद्राच्या कायद्याचा. वाटतं तितका तो रुंद नाही, आणि का नाही हे समजायला केंटकीतल्या मॉटली नवरा-बायकोची गोष्ट माहीत हवी. १८७१ मध्ये रेल्वेगाड्यांच्या टकरीत हे दोघं जखमी झाले. रेल्वे कंपनीने तडजोड केली: भरपाई मागू नका, त्याबदल्यात दोघांना तहहयात फुकट पास. दरवर्षी पास नवा होऊन यायचा. पस्तीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग १९०६ मध्ये काँग्रेसने रेल्वेच्या फुकट पासांवर बंदी घातली, आणि कंपनी म्हणाली, आता कायदाच आड आला. मॉटली फेडरल न्यायालयात गेले आणि जिंकले. वाद नव्या केंद्रीय कायद्याचाच तर होता! पण १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोन्ही बाजूंपैकी कोणीही न विचारता, स्वतःहून तपासलं आणि म्हटलं: दावा मुळात कराराचा आहे, करार राज्याच्या कायद्याखाली येतो. केंद्राचा कायदा इथे फक्त कंपनीच्या बचावात येतो, आणि बचावात आलेला कायदा फेडरल न्यायालयाला अधिकार देत नाही. झालं. बिचाऱ्यांना राज्य न्यायालयात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिथे जिंकले, आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटी हरले. अपघाताला चाळीस वर्षं झाली होती.

अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट अजून घोकावी लागते. रिमूव्हलमध्ये तिचा अर्थ असा की बघायचं ते वादीच्या वादपत्रात. कुकर कंपनीने "आम्ही केंद्राचे सुरक्षेचे नियम पाळले आहेत" अशी ढाल पुढे केली, तरी तेवढ्यावर दावा हलत नाही. दावा कसा मांडायचा हे वादीच्या हातात आहे. त्याने केंद्राच्या कायद्याचं नाव घेतलंच नाही, तर हा दरवाजा सहसा बंद राहतो. सहसा म्हटलं, कारण काही विषय केंद्राने संपूर्ण गिळले आहेत. नोकरीतून मिळालेल्या आरोग्यविम्याने उपचाराचे पैसे नाकारले आणि तुम्ही राज्याच्या कायद्याखाली दावा लावला, तर तो बऱ्याचदा फेडरल ठरतो, तुम्ही त्याला काहीही नाव द्या. २००४ मध्ये टेक्सासच्या दोन रुग्णांना सर्वोच्च न्यायालयात हेच ऐकावं लागलं. आपल्यातल्या बहुतेकांचा विमा नोकरीतूनच येतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

याच दरवाजावर अलीकडे एक नवी गोष्ट घडली, आणि ती कुत्र्याच्या खाण्यावरून. मिसुरीतल्या ग्राहकांची तक्रार अशी की डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारं महागडं खाणं औषधी असल्यासारखं विकलं जातं आणि आत तसं काही नसतं. दावा राज्य न्यायालयात लागला. वादपत्रात केंद्राच्या कायद्याचे उल्लेख होते, म्हणून कंपनीने तो फेडरलला नेला. वादीने काय करावं? वादपत्र दुरुस्त करून ते सगळे उल्लेखच खोडून टाकले. आता शिल्लक फक्त राज्याचा कायदा. तोवर बहुतेक फेडरल अपील न्यायालयं म्हणत होती की अशी खोडाखोड करून परत जाता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉयल कॅनिनच्या या खटल्यात एकमताने सांगितलं, जाता येतं. केंद्राचा मुद्दा गेला की फेडरल न्यायालयाचा अधिकारही गेला. मात्र हीच युक्ती पैशाच्या बाबतीत चालत नाही. दावा हलल्यावर "मला ७०,००० च पुरेत" म्हटलं तरी तो परत जात नाही. हे १९३८ पासून ठरलेलं आहे.

कुकरचा दावा आला तो दुसऱ्या दरवाजाने. इथे प्रश्न असतो कोण कुठला. आणि आपल्या माणसांच्या बाबतीत याचं उत्तर व्हिसाच्या कागदावर अवलंबून असतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

नियम १८०६ पासूनचा: वादींपैकी कोणीही प्रतिवादींपैकी कोणाच्याही राज्याचा नसावा. एक जरी जोडी जुळली तरी दरवाजा बंद. अमेरिकी नागरिक ज्या राज्यात कायमचं म्हणून राहतो त्या राज्याचा. कंपनीला दोन गावं असतात: जिथे नोंदली गेली ते राज्य, आणि जिथे तिचं मुख्य डोकं बसतं ते राज्य. वहिनींच्या कुकरवाल्या कंपनीची नोंद डेलावेअरची, मुख्य ऑफिस इलिनॉयमध्ये. दुकान पक्कं न्यू जर्सीचं.

आणि वहिनी? दहा वर्षं एडिसनमध्ये राहतात, मुलं इथल्या शाळेत, घराचा हप्ता चालू. तरी एच-फोरवर म्हणजे कायद्याच्या लेखी त्या भारताच्या नागरिक, परदेशी. परदेशी वादी आणि अमेरिकी प्रतिवादी, जोडी वेगळी, दरवाजा उघडा. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असतं तर? ग्रीन कार्डवाला न्यू जर्सीत राहतो आणि समोर न्यू जर्सीचं दुकान, तर तो 'परदेशी' म्हणून मोजला जात नाही. दरवाजा बंद, दावा न्यू ब्रन्सविकलाच राहिला असता. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहण्याचे तोटे आपण सगळे जाणतो. त्यात या एकाची भर घाला.

आणखी एक गंमत. कुकर भारतात बनला होता. वकिलाने भारतातल्या उत्पादकालाही प्रतिवादी केलं असतं, तर एका बाजूला भारतीय, दुसऱ्या बाजूलाही एक भारतीय, आणि जोडी जुळली असती. दोन परदेशी पक्षकार एकमेकांसमोर उभे राहिले की हा दरवाजा मिटतो. म्हणून जर्सी सिटीत एकत्र राहणारे एच-वनवाले दोन रूममेट डिपॉझिटवरून कितीही भांडले तरी या वाटेने फेडरल न्यायालयात पोचणार नाहीत. वहिनींच्या वकिलाने उत्पादकाला का सोडलं ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. भारतात समन्स बजावायचं तर ते आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दिल्लीतल्या कायदा मंत्रालयामार्फत जातं, आणि त्यात महिनोन् महिने जातात.

मागणी ७५,००० च्या वर आहे का, हेही न्यू जर्सीत वादपत्रावरून कळत नाही, कारण अशा दाव्यात आकडा लिहायचाच नाही असा इथला नियम आहे. कंपनीचा वकील शस्त्रक्रिया, बुडालेलं काम, हातावरचे व्रण यांची बेरीज करून स्वतःच म्हणतो की रक्कम त्याच्या वर जाते. मोठा विनोदी देखावा असतो तो. पुढे निकालाच्या वेळी "एवढंसं तर भाजलं होतं" म्हणणारी बाजूच आज छाती पिटून सांगते की वादीचं नुकसान फार मोठं आहे.

मग ते दुकान? इथे वहिनींच्या वकिलाचा डाव होता. कायदा असंही म्हणतो की निव्वळ वेगवेगळ्या राज्यांच्या जोरावर दावा हलवायचा असेल आणि प्रतिवादींपैकी एखादा त्याच राज्याचा असेल, तर हलवता येत नाही. बरोबरच आहे. गावच्या पंचांची भीती परगावच्याला, गाववाल्याला कसली? दुकान न्यू जर्सीचं, म्हणजे दावा सुरक्षित. पण कायद्याचे शब्द नीट वाचा: असा प्रतिवादी, ज्याला रीतसर समन्स 'बजावलं' आहे. मोठ्या कंपन्यांचे वकील राज्य न्यायालयांच्या ऑनलाइन नोंदी रोज चाळतात. आपल्या अशिलाचं नाव दिसलं की दुकानापर्यंत समन्स पोचण्याआधीच नोटीस ठोकतात. याला इथे स्नॅप रिमूव्हल म्हणतात. कुकर कंपनीने हेच केलं. दावा लागला सोमवारी, फेडरलला गेला गुरुवारी, आणि ओक ट्री रोडवरच्या दुकानदाराला पुढच्या आठवड्यात समन्स मिळालं तेव्हा तो विचारत होता की नक्की कुठल्या कोर्टात जायचं.

मला ही पळवाटच वाटते. पण न्यू जर्सी ज्या फेडरल अपील न्यायालयाखाली येते, त्या फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, आणि शब्दांप्रमाणे हे चालतं. वाद मिटला, निदान आमच्या भागापुरता.

वादींचे डावही काही कमी नसतात. सुरुवातीला हलवता न येणारा दावा निव्वळ वेगवेगळ्या राज्यांच्या आधाराने मागाहून हलवायचा असेल, तर तो दावा लागल्यापासून एक वर्षाच्या आत हलवावा लागतो. म्हणून काही वकील स्थानिक दुकानदाराला किंवा सेल्समनला वर्षभर प्रतिवादी म्हणून बसवून ठेवतात, त्याला एक प्रश्नही विचारत नाहीत, आणि तेराव्या महिन्यात हळूच सोडून देतात. वादीने हे मुद्दाम केलं असं न्यायाधीशाला पटलं तर वर्षाची अट सैल होते. ज्याच्यावर दावा टिकण्यासारखाच नाही असा माणूस नुसता जोडी जुळवायला ओढला असेल, तर त्याला मोजणीतून वगळतात.

इतका आटापिटा कशासाठी? कायदा तर तोच राहतो. कुकर फुटण्याची जबाबदारी कोणाची हे नेवार्कचा फेडरल न्यायाधीशही न्यू जर्सीच्याच कायद्याने ठरवणार. १९३८ पासून तसं बंधन आहे. बदलतात ती माणसं आणि रीत. न्यू ब्रन्सविकच्या ज्युरीत मिडलसेक्स काउंटीतले लोक, म्हणजे ज्यांच्या घरी रोज कुकरची शिट्टी होते असे पुष्कळ. फेडरल ज्युरी दूरदूरच्या गावांतून येते. राज्य न्यायालयात सहापैकी पाच ज्युरर वादीच्या बाजूने आले तरी निकाल लागतो. फेडरलमध्ये सगळ्यांचं एकमत लागतं. एकच आडमुठा माणूस पुरतो. कंपनीच्या वकिलांना हे गणित तोंडपाठ असतं, आणि ४०५ डॉलर्सात असा बदल मिळत असेल तर तो कोण सोडेल?

वहिनींचा पुढचा प्रश्न सरळ होता: परत आणता येईल का? येतं, त्याचंच नाव रिमांड. फेडरल न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. पद्धतीत चूक असेल, म्हणजे मुदत टळली, कोणाची संमती घेतली नाही, तर हा अर्ज नोटीस दाखल झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. नोटीस हातात पडल्यापासून नाही, दाखल झाल्यापासून. राज्यातलाच प्रतिवादी असण्याची हरकतही बहुतेक न्यायालयं याच खात्यात टाकतात. फेडरल न्यायालयाला मुळात अधिकारच नसेल तर मात्र मुदत नाही. अगदी शेवटीसुद्धा दावा परत जाऊ शकतो; मॉटलींच्या बाबतीतही अधिकाराचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावरच निघाला होता. हलवायला काहीच आधार नव्हता असं दिसलं तर वादीच्या वकिलाचा खर्च प्रतिवादीकडून वसूल होऊ शकतो. आणि न्यायाधीशाने एकदा परत पाठवलं की बहुतेक वेळा त्यावर अपील नाही. दोन्ही बाजूंना आवडो न आवडो, विषय संपतो.

फोनवर वहिनींनी मधेच विचारलं की त्यांच्या मैत्रिणीचा घटस्फोटही असा फेडरलला जाईल का. नाही जात. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हे फेडरल न्यायालयं स्वतःकडे घेत नाहीत, नवरा-बायको दोन टोकांच्या राज्यांत राहत असले तरी. तेवढं ऐकून त्यांनी मैत्रिणीला मेसेज टाकला असावा, कारण टकटक ऐकू आली.

त्यांच्या वकिलाने पुढे रिमांडचा अर्ज केला नाही. २०१८ चा निकाल समोर असताना करून काय साधणार होतं? दावा नेवार्कला चालू आहे. एडिसन स्टेशनवरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी पकडली की नेवार्क पेन, तिथून कोर्ट चालत. त्या रात्री फोनवर एवढं सांगितल्यावर मित्राचा जीव भांड्यात पडला आणि त्याने फोन हातात घेतला. म्हणाला, "म्हणजे आपल्याला काही करायचं नाही ना आत्ता?"

मी म्हटलं, "तो कुकर कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. पोत्यात. उद्या रीसायकलिंगची गाडी येते, त्यात टाकणार होतो."

मी त्याला फोन चालू ठेवून खाली जायला लावलं. झाकण, शिट्टी, फाटलेली रिंग, सगळं आहे ना ते मोजून घेतलं, आणि पोतं रीसायकलिंगच्या डब्याजवळून उचलून वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं.